पूर्वजांचे दफ्तर

इसवी सन 1692 मध्ये, म्हणजे इकडे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात दिवस काढीत होते त्याच सुमारास, जपानच्या पूर्वभागातील नासु परगण्यात दोन जुन्या टेकाडांवर एका बड्या सरदाराच्या हुकुमाने कुदळ पडली. हा सरदार म्हणजे मितो जहागिरीचा निवृत्त अधिपती तोकुगावा मित्सुकुनी. शोगुनच्याच घराण्यातला, आणि जपानचा साद्यंत इतिहास लिहवून घेण्याच्या ध्यासाने पछाडलेला. इ. स. 700 च्या सुमाराचा एक शिलालेख त्या परगण्यात उजेडात आला होता. त्याने त्यावर छोटेसे देवालय बांधवले, आणि ज्या अधिकाऱ्याचे त्यात स्मरण केले आहे त्याचे दफन जवळच कोठेतरी असले पाहिजे या तर्काने ही दोन टेकाडे उकरविली. आत आरसा निघाला, गंजलेल्या तलवारी निघाल्या, चिलखताचे तुकडे आणि मडकी निघाली. नाव मात्र निघाले नाही. ते निघणारही नव्हते, कारण ही टेकाडे त्या शिलालेखाहून सुमारे तीनशे वर्षांनी जुनी होती.

पुढे जे झाले ते मला त्या उत्खननाहूनही महत्त्वाचे वाटते. त्या काळच्या युरोपातल्या एखाद्या उमरावाने असा ऐवज आपल्या दिवाणखान्यात मांडला असता. मित्सुकुनीने चित्रकार बोलावून एकेका वस्तूचे चित्र काढवून घेतले, पाइनच्या फळ्यांच्या पेट्या करविल्या, झाकणावर आपला हेतू लिहवला, सर्व वस्तू त्यांत ठेवून होत्या त्या जागी पुरविल्या, टेकाडे पूर्ववत करून वर पाइनची रोपे लावली. ज्ञान घ्यावे, वस्तू घेऊ नये. विचारावे, पण ज्याला विचारले त्याची झोप मोडल्याबद्दल क्षमाही मागावी, असा तो सगळा व्यवहार होता. जपानमधले हे पहिले शास्त्रशुद्ध उत्खनन म्हणून सांगितले जाते. आपल्याच घरातल्या थोरामोठ्यांच्या खोलीत दबक्या पावलांनी शिरावे तसे हे शास्त्र त्या देशात जन्माला आले, आणि ती दबकी पावले पुढल्या तीन शतकांत कधी पूर्णपणे मोकळी झाली नाहीत.

दुसरा जन्म मात्र परक्याच्या हातून झाला, आणि तो आगगाडीच्या खिडकीत झाला. एडवर्ड मोर्स हा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ 1877 मध्ये समुद्रातल्या शिंपलेधारी जीवांचा अभ्यास करण्यासाठी जपानात उतरला, आणि योकोहामाहून तोक्योला जाताना ओमोरी स्थानकाजवळ रुळाच्या कडेला कापलेल्या दरडीत त्याला शिंपल्यांचा पांढरा थर दिसला. अमेरिकेच्या किनाऱ्यावर असले ढीग त्याने पाहिलेले असल्यामुळे हा माणसाच्या जेवणाचा उकिरडा आहे हे त्याने क्षणात ओळखले. त्याच वर्षी त्याने तो खणला. 1879 मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आणि तेथल्या खापरांवर ओल्या मातीत दोरी दाबून उठविलेली जी नक्षी होती तिचे त्याने जे साधे वर्णन केले, त्याचेच जपानी भाषांतर ‘जोमोन’, अर्थात दोरखुणा, हे पुढे दहा-बारा हजार वर्षांच्या एका अख्ख्या युगाचे नाव ठरले. याच वृत्तांतात मोर्सने आणखी एक गोष्ट नोंदवली होती. त्या ढिगात प्राण्यांच्या हाडांबरोबर माणसांची हाडेही तशाच रीतीने फोडलेली आढळली, आणि त्यावरून त्याने नरमांसभक्षणाचे अनुमान काढले.

सुशिक्षित जपानी वर्गाची यावरची प्रतिक्रिया मोठी मासलेवाईक होती. पुराव्याची छाननी करण्याआधी त्या पिढीने निराळाच प्रश्न पुढे आणला: ही माणसे आमची कोण? उत्तर असे आले, की कोणी नव्हत. त्सुबोइ शोगोरो हा मानववंशशास्त्रज्ञ म्हणे, की उत्तरेतील मूळनिवासी ऐनू लोकांच्या दंतकथांत ज्यांचा उल्लेख येतो ते कोरोपोक्कुरु नावाचे बुटके लोक हेच दगडी हत्यारांचे कर्ते. कोगानेइ योशिकियो हा शरीरशास्त्रज्ञ म्हणे, की ते ऐनूंचेच पूर्वज. दोघांचा वाद वर्षानुवर्षे चालला, परंतु एका मुद्यावर वादी-प्रतिवादी एकमताचे होते: ते जपानी नव्हते. जपानी माणूस सम्राटाच्या पूर्वजांबरोबर मागाहून आला, आणि त्याच्या खुणा शिंपल्यांच्या उकिरड्यात सापडावयाच्या नसून राजांच्या प्रचंड मृत्तिकास्तूपांत, म्हणजे ‘कोफुन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थडग्यांत शोधावयाच्या. अशा रीतीने ओमोरीचा उकिरडा खणण्यास सगळ्यांना मोकळीक राहिली, कारण तो परक्याचा. आणि थडगी बंद झाली, कारण ती घरची. ऐनूंना मात्र या वाटणीत स्वतःच्या भूमीत परके ठरावे लागले, आणि त्याची पुरती भरपाई अजून झालेली नाही.

या वाटणीच्या पाठीशी एक राजमान्य कालगणना उभी होती. 712 मधील ‘कोजिकी’ आणि 720 मधील ‘निहोन शोकी’ या दोन ग्रंथांच्या आधारे मेइजी सरकारने सूर्यदेवीचा वंशज जिम्मू हा इसवी सनापूर्वी 660 मध्ये सिंहासनावर बसला असे ठरवून टाकले होते, आणि त्या दिवसाची म्हणून 11 फेब्रुवारीची तारीख राष्ट्रीय सण म्हणून मुक्रर केली होती. शाळेच्या पुस्तकांत इतिहासाचा आरंभ देवांपासून होई. दगडी हत्यारांना त्यात स्थान नव्हते. 1940 मध्ये या राज्यारोहणाचा सव्वीसशेवा वर्धापनोत्सव देशभर झाला, आणि त्याच वर्षी, प्राचीन राजांच्या या कथा दरबारी लेखकांनी मागाहून रचल्या आहेत असे शांतपणे दाखवून देणाऱ्या त्सुदा सोकिची या इतिहासकाराच्या ग्रंथांवर बंदी आली. त्याच्यावर खटला भरून 1942 मध्ये त्याला शिक्षाही ठोठावण्यात आली. त्सुदाने कुदळ कधी हातात धरली नव्हती. जे हातात कुदळ घेऊन होते त्यांना या प्रकरणाचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

त्यांनी आसरा घेतला तो खापरांचा. क्योतो विद्यापीठात 1916 मध्ये पुरातत्त्वाचे पहिले अध्यासन स्थापन झाले, आणि इंग्लंडात पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीच्या हाताखाली शिकून आलेल्या हामादा कोसाकूने तेथे वस्तूंच्या काटेकोर वर्गीकरणाची शिस्त घालून दिली. तिकडे यामानोउची सुगाओ या अत्यंत चिकित्सक आणि तितक्याच तिरसट संशोधकाने दोरी कशी वळली, ती मातीवर कशी लोळवली, काठाचा पन्हळ किती खोल, एवढ्यावरून जोमोन खापरांचे क्रमवार प्रकार लावीत लावीत सबंध बेटसमूहाचे एक कोष्टक रचले. या कोष्टकात राजा नाही, वंश नाही, वर्षाचा आकडा नाही. फक्त आधीचे आणि नंतरचे. बंदिवासात माणूस भिंतीवरच्या रेघा मोजीत बसतो तशी ही विद्या होती असे कोणी म्हणेल, आणि ते सर्वस्वी खोटेही नाही. पण मला वाटते, की अवघड काळात मान खाली घालून केलेल्या या कामाइतके टिकाऊ काम त्या पिढीत दुसरे झाले नाही. जिम्मूचा उत्सव विरून गेला, आणि दोरखुणांचे कोष्टक दुरुस्त्या होत होत आजही वापरात आहे. या सवयीचा वारसाही मागे राहिला. जपानी उत्खननाचा अहवाल उघडला तर खापरांची शेकडो आरेखने, प्रत्येक खड्ड्याचा छेद, मातीच्या प्रत्येक थराचा प्रमाणित रंगपत्रिकेशी ताडून लिहिलेला रंग, हे सारे इतक्या सूक्ष्मतेने मिळते की पाहणाऱ्याने थक्क व्हावे. आणि मग या सगळ्यावरून त्या माणसांविषयी काय समजले, हे विचारावे तर अखेरच्या दोन पानांत संकोचाने काही ओळी आढळतात.

1945 च्या पराभवाने ते जुने दफ्तर एका रात्रीत रद्दीत गेले. दुसऱ्याच वर्षी सरकारनेच काढलेल्या शालेय इतिहासाच्या पुस्तकात देवांच्या जागी अश्मयुग आले. पण देशाला पूर्वज तर हवेच होते, आणि ते शिझुओका शहराबाहेरच्या तोरो येथील चिखलात सापडले. 1943 मध्ये तेथे विमानांच्या पंख्यांचा कारखाना उभारताना लाकडी अवशेष दिसले होते. युद्ध संपल्यावर, 1947 पासून 1950 पर्यंत, त्या जागेचे उत्खनन झाले. देशात अन्नधान्याची टंचाई असताना विद्यार्थी, शिक्षक, शाळकरी मुले, आसपासचे गावकरी कामावर येत. त्या चिखलातून निघाले ते सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचे यायोइ काळातले एक खेडे: घरांची वर्तुळे, जमिनीपासून उंच उचललेली धान्याची कोठारे, आणि फळ्या ठोकून बांध घातलेली भातखाचरे. तेथल्या ‘ता-गेता’ नावाच्या वस्तूंपाशी जरा थांबले पाहिजे. ता-गेता म्हणजे भातखाचरातल्या खडावा: रुंद लाकडी फळीला भोके, त्यांत दोरी ओवून पायाला बांधावयाची, म्हणजे ढोपरभर गाळात माणूस रुतत नाही. कोकणातल्या लावणीच्या गाळात ज्याने पाय घातला आहे त्याला ही वस्तू समजण्यास अहवाल वाचावा लागणार नाही. जपानच्या शेतकऱ्यांनाही तो लागला नाही. असली पायताणे त्यांच्या स्वतःच्या लक्षात होती. तलवारी आणि आरसे हे ज्या राष्ट्राचे पूजनीय चिन्ह, त्याने हरल्यानंतर चिखलातली खडाव उचलून ‘हे आमचे’ असे म्हटले. याच खणण्याच्या खटाटोपातून 1948 मध्ये जपानी पुरातत्त्व परिषद जन्मास आली.

त्याच सुमाराची दुसरी घटना अधिक बोलकी आहे. आइझावा तादाहिरो हा तरुण खेड्यापाड्यांतून सायकलवर नात्तो, म्हणजे आंबवलेले सोयाबीन, विकीत हिंडे, आणि हिंडता हिंडता रस्त्याकडेच्या दरडी न्याहाळी. कांतो प्रदेशातील तांबड्या ज्वालामुखी मातीच्या थरात मनुष्यवस्ती असणे शक्य नाही असे सर्व पंडितांचे मत होते, आणि म्हणून त्या थराला लागताच उत्खनन थांबविण्याचा प्रघात होता. इवाजुकु येथील दरडीत याच तांबड्या मातीतून आइझावाला 1946 मध्ये दगडी पात्याचे तुकडे मिळाले आणि 1949 मध्ये एक घडीव काचदगडी टोक. त्याच वर्षी मेइजी विद्यापीठाच्या पथकाने तेथे खणून त्याचे म्हणणे खरे ठरविले, जपानचे पुराश्मयुग सिद्ध झाले, आणि वृत्तपत्रांतून विद्यापीठाचे नाव झळकले. नात्तोवाल्याचे नाव त्या पहिल्या गजरात जवळजवळ बुडाले. मानमरातबाचा हा क्रम, शोधापेक्षा शोधणाऱ्याच्या आसनाला मोठे समजण्याची ही सवय, पुढे या शास्त्राला महागात पडावयाची होती.

त्याच 1949 सालाच्या आरंभी, जानेवारीत, होर्यूजी मंदिराच्या सुवर्णगृहातील भित्तिचित्रे आगीत जळाली, आणि त्या धक्क्यातून 1950 चा सांस्कृतिक संपत्ती संरक्षण कायदा आला. त्यात जमिनीखालच्या अवशेषांना ‘पुरलेली सांस्कृतिक संपत्ती’ असे नाव आहे. ज्ञात स्थळावर बांधकाम करणाऱ्याने साठ दिवस आधी वर्दी दिली पाहिजे असे कलम आहे. परंतु उत्खननाचा खर्च बांधणाऱ्यानेच सोसावा असे स्पष्ट कलम नाही. तरीही तो सोसतो. प्रशासनाने सौम्य शब्दांत सुचवावे, आणि कंपनीने, गृहनिर्माण मंडळाने, रस्तेखात्याने ते मुकाट्याने मान्य करावे, अशी ही वहिवाट साठच्या दशकापासून चालत आली आहे. तीवर वर्षाला हजारो उत्खनने उभी राहतात, आणि त्यांतली बहुतेक सर्व संशोधकाने निवडलेल्या जागी होत नसून, बुलडोझर जेथे येणार असेल तेथे होतात. नकार दिल्याने कायदा फारसा मोडत नाही. चारचौघांत मान मात्र खाली जाते.

असे एखादे उत्खनन डोळ्यांपुढे आणावे. वर निळी ताडपत्री. तिच्याखाली गळ्याभोवती टॉवेल, डोक्यावर मान झाकणारी टोपी अशा पन्नाशी-साठी उलटलेल्या बाया रांगेने उकिडव्या बसलेल्या, हातात निंदणीच्या खुरप्यासारखी वाकडी लोखंडी पाती, आणि नाजुक जागी बांबूची तासलेली चिपाटी. त्या माती खणत नाहीत, खरवडतात, जणू कढईच्या बुडाची साय काढावी तशी. जेथे जुना खांब कुजला तेथे मातीचा रंग किंचित काळवंडतो, तो डाग एका बाईच्या नजरेस येतो आणि ती हात वर करते. या शेतकरी बायांची नजर विद्यापीठातल्या पदवीधराहून पक्की असते असे तेथले लोकच सांगतात. आणि काम संपत आले, की एका शनिवारी वा रविवारी ‘गेन्चि सेत्सुमेइकाइ’, म्हणजे जागेवरच स्पष्टीकरणाची सभा भरते: आजूबाजूचे लोक, मुलेबाळे, पेन्शनर रांग लावून येतात, छापील पत्रक घेतात, दोरीच्या अलीकडून खड्डे पाहतात, ध्वनिवर्धकावरून बोलणाऱ्या तरुणाला नेमका प्रश्न विचारतात, आणि सोमवारपासून त्या जागेवर इमारतीचा पाया पडतो. नोंद झाली, पाहून झाले, निरोप झाला. वस्तू राहिली नाही तरी चालेल. नारा शहरात 1988 मध्ये राजपुत्र नागाया याच्या वाड्याच्या जागी हजारोंनी लाकडी लेखपट्ट्या मिळाल्या, त्यांत वाड्याला आलेल्या शिधासामग्रीच्या चिठ्ठ्याही होत्या. सर्व काढून घेतल्यावर तेथे मोठे दुकान उभे राहिलेच. ज्या थोड्या जागा वाचल्या त्या लोकांनी ‘आमच्या’ म्हटल्यामुळे. योशिनोगारी येथे औद्योगिक वसाहत होणार होती. 1989 मध्ये वृत्तपत्रांनी ते चिनी बखरीतल्या राणी हिमिकोच्या काळचे खंदकबंद गाव म्हणून गाजवले, आणि काही महिन्यांत लाखो लोक लोटले. आओमोरीत सान्नाइ-मारुयामा येथे बेसबॉलचे मैदान व्हावयाचे. 1994 मध्ये मीटरभर व्यासाचे चेस्टनटचे सहा खांबबुंधे दिसले, आणि बांधकाम थांबले. मेइजी काळात ज्यांना कोणी आपले म्हणावयास तयार नव्हते ते जोमोन लोक आता पाठ्यपुस्तकांत आदिपूर्वज म्हणून मानाने बसले.

या आपलेपणाच्या बाजारात अधिक जुने ते अधिक मोलाचे ठरणे ओघाने आलेच. मियागी परगण्यात एक हौशी उत्खनक दोन दशके अधिकाधिक जुनी हत्यारे काढीत राहिला, पन्नास हजार, दोन लाख, अखेर सहा लाख वर्षे. लोक त्याला ‘दैवी हाताचा’ म्हणू लागले. 1986 मध्येच दोघा संशोधकांनी या हत्यारांवर लेखी आक्षेप घेतले होते. ते आक्षेप कोणी खोडून काढले नाहीत. आक्षेप घेणारेच सभ्यतेच्या थंड भिंतीबाहेर राहिले. शेवटी 5 नोव्हेंबर 2000 रोजी ‘माइनिची’ वृत्तपत्राने भल्या सकाळी तो स्वतःच खड्डा करून दगड पुरीत असल्याची छायाचित्रे छापली, आणि दीडशेहून अधिक स्थळांचा पुरावा कोसळला. जे एका वार्ताहराच्या कॅमेऱ्याने केले ते विद्वत्सभेत एखाद्याने उभे राहून मोठ्याने विचारल्याने झाले असते. पण वडीलधाऱ्याला भर सभेत खोटे पाडावयाचे नाही, हा तेथला संस्कार. खापरांच्या आरेखनात जी शिस्त दिसते, तिचीच ही दुसरी बाजू. परिषदेने मात्र 2003 पर्यंत प्रत्येक स्थळ नव्याने तपासून आपल्याच चुकांचा जाडजूड अहवाल छापला, हेही सांगितले पाहिजे.

आणि थडगी? ती बंदच आहेत. राजघराणे खात्याच्या यादीत सुमारे नऊशे समाधिस्थाने आहेत. तेथे पूर्वजांचे आत्मे नांदतात, दरवर्षी विधी होतात, तेव्हा ती पुरातत्त्वाची स्थळे नसून राजाची चालू देवघरे आहेत, असे खात्याचे म्हणणे. साकाइ येथील दाइसेन हे जवळजवळ अर्धा किलोमीटर लांबीचे, तीन खंदकांनी वेढलेले थडगे सम्राट निन्तोकुच्या नावावर आहे. 1872 मध्ये त्याच्या पुढल्या भागाची कड ढासळून दगडी पेटी आणि सोनेरी मुलाम्याचे चिलखत दिसले असे सांगतात. चित्रे काढली, आणि पुन्हा झाकून टाकले. मित्सुकुनीचाच धडा! 2008 मध्ये नारातल्या एका थडग्याच्या पहिल्या पायरीवरून सोळा अभ्यासकांना काही तास चालू देण्यात आले, तर त्याची राष्ट्रीय बातमी झाली.

पण दफ्तराने सीमा आखली, की सीमेवर गंमत होतेच. सहाव्या शतकातील सम्राट केइताइ याचे थडगे म्हणून खात्याने एदो काळच्या पंडितांच्या तर्कावरून ओसाकाजवळचे ओता चाउसुयामा हे टेकाड नोंदले आहे. त्यावरील मातीच्या नळ्या-पुतळ्यांची घडण पाचव्या शतकाच्या मध्याची, म्हणजे सम्राट जन्मण्याच्याही आसपासची असल्याचे अभ्यासकांनी कधीच दाखविले आहे. खरे थडगे तेथून चालत जाता येईल इतक्या अंतरावरचे इमाशिरोझुका, याबद्दल आता क्वचितच कोणाला शंका आहे. पण 1596 च्या भूकंपात त्याची माथ्याची माती घसरून ते राजाला न शोभणारे झाले होते, लोक त्याला जुना किल्ला समजत, नावातही ‘शिरो’ म्हणजे किल्लाच. म्हणून ते यादीत कधी गेलेच नाही. यादीत नसल्यामुळे ताकात्सुकी शहराला ते 1997 पासून खणता आले, आणि खंदकाच्या बांधावर घरे, योद्धे, पुजारिणी, कुस्तीगीर, घोडे, कोंबडे अशा दोनशेवर मृण्मय पुतळ्यांची मिरवणूक सापडली.

आज ओता चाउसुयामाच्या दाराशी लोखंडी फाटक आहे, आत पांढरी वाळू नीट दंताळलेली आहे, आणि राजघराणे खात्याची पाटी आत जाण्यास मनाई करते. इमाशिरोझुकाचे उद्यान झाले आहे. तेथे शाळेची मुले दुपारी डबे सोडतात, मातीच्या घोड्यांच्या प्रतिकृतींवर चढून बसतात, आणि मग सम्राटाच्या छातीवरून खंदकापर्यंत कोण आधी धावत जातो याची शर्यत लावतात.